डुकराचे हृदय तपासणीसाठी पाठवताना: धमन्यांतले बदल नेमके कुठे असतात

धडधाकट डुक्कर अचानक मरते आणि शवविच्छेदनात हृदयाच्या डाव्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) भिंत किंवा जवनिकांमधला पडदा जाड आढळतो, तेव्हा आनुवंशिक हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीची (हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराची) शंका येते. 1990च्या दशकात तैवानमधल्या डुकरांत या आजाराची तपशीलवार नोंद झाली. हृदयावरून दिसणाऱ्या मोठ्या कोरोनरी (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या) धमन्या अशा वेळी स्वच्छ असू शकतात. तेवढ्यावरून धमन्या ठीक आहेत असे लिहून मोकळे होऊ नका. स्नायूच्या आत शिरलेल्या बारीक फांद्यांच्या आतल्या आणि मधल्या थरांत अरेखित स्नायूपेशी व कोलॅजन (तंतुमय प्रथिन) वाढते, भिंत जाड होते, पोकळी चिंचोळी होते. आसपासचा स्नायू जाऊन तिथे तंतुमय ऊतक साचलेले सापडू शकते. हे फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळते.

आधी हृदयातल्या रक्ताच्या गुठळ्या धुऊन काढा, मग त्याचे वजन करा; सोबत जनावराचेही वजन लिहा. टोक आणि कर्णिकांखालची खोबण यांच्या मधोमध आडवा छेद घ्या. मधला पडदा, डावी भिंत, पॅपिलरी स्नायू (झडपांच्या दोऱ्या धरणारे) आणि उजवी भिंत यांचे 5 मिमी जाडीचे तुकडे वेगवेगळ्या, नाव घातलेल्या बरण्यांत ठेवा. पडद्याचा तुकडा विसरला तर तपासणी अर्धवटच राहते.

तुकडे टिकवण्यासाठी त्यांच्या दहापट 10% बफर्ड फॉर्मॅलिन हवे. 1 लिटरसाठी 37–40% फॉर्मल्डिहाइड 100 मिली, ऊर्ध्वपातित पाणी 900 मिली, मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट 4 ग्रॅम आणि निर्जल डायबेसिक सोडियम फॉस्फेट 6.5 ग्रॅम. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. अख्खे हृदय बरणीत बुडवू नका: द्रव तासाला जेमतेम 1 मिमी आत शिरतो, तोवर गाभा सडू लागतो. फ्रीझरही नको, बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात. जनुकीय चाचणी करायची असेल तर मात्र स्नायूचा छोटा तुकडा फॉर्मॅलिनला न लावता वेगळा गोठवा.

मेल्यानंतर आखडलेले हृदय जाड भिंतीचे भासते, त्यामुळे निव्वळ जाडीवर आम्ही प्रयोगशाळेत निदान देत नाही. तिरकी कापली गेलेली धमनीही जाड दिसते; म्हणून गोल छेद मिळालेल्या अनेक धमन्यांची पोकळी आणि बाहेरचा व्यास मोजतो. मॅसन ट्रायक्रोम रंगाने कोलॅजन निळे आणि स्नायू लाल दिसतो. व्हरहॉफ रंगाने लवचीक तंतू काळे पडतात. धमन्यांतले बदल एकटे पुरावा ठरत नाहीत. स्नायुतंतूंची विस्कटलेली रचनाही पाहावी लागते, आणि महाधमनीच्या झडपेखालचा अडथळा, ई-जीवनसत्त्व किंवा सेलेनियमच्या कमतरतेचा मलबेरी हार्ट, एन्सेफॅलोमायोकार्डायटिस विषाणू यांना वगळावे लागते.

आजार आनुवंशिक आहे की नाही, हे एका हृदयावरून सांगता येत नाही. बरणीसोबत मेलेल्या डुकराचा बाप, आई आणि वेत यांचे क्रमांक, तसेच त्याच वेतातली आणखी पिल्ले अशी दगावली का, हे लिहून पाठवा.