बत्तीसच्या फोर्डला स्वस्तातला रेडिएटर

१९३२ साली फोर्ड कंपनीने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचं, इंजिन बसवलं. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. पुढे या गाड्या जुन्या बाजारात मातीमोल भावाने मिळू लागल्या, तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हौशी पोरांनी मडगार्डं उतरवून, छत कापून त्या कोरड्या तलावांच्या सपाटीवर पळवायला घेतल्या. हॉट रॉड म्हणतात ती हीच जात. अमेरिकेतल्या घरोघरच्या गॅरेजांत ती आजही जन्म घेते, फक्त मूळ इंजिनाच्या जागी बहुतेक वेळा ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचं शेव्हरले असतं.

सांगाडा मिळतो, इंजिनही मिळतं. घोडं अडतं ते रेडिएटरपाशी, म्हणजे इंजिनातलं तापलेलं पाणी हवेने गार करणाऱ्या नळ्यांच्या पेटीपाशी. बत्तीसची पुढची जाळी देखणी, उभी आणि अरुंद. ती ६५ अश्वशक्तीच्या हिशेबाने आखलेली, आणि आता मागे त्याच्या तिप्पट-चौपट ताकद. या मापाचा तयार ॲल्युमिनियम रेडिएटर कित्येक शे डॉलरना पडतो. मग माणूस टेप घेऊन भंगारच्या यार्डात शिरतो. तिथे काय शोधायचं, हे ठरवायला थोडं गणित लागतं. गंमत म्हणजे ते गणित खिशाच्या बाजूने लागतं.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळ हिशेब असा: एक तृतीयांश चाकांना, एक तृतीयांश धुराड्यातून बाहेर, उरलेल्यातली बहुतेक पाण्यात. २५० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात चाललं, तर पाण्यात दीडेकशे किलोवॅट उष्णता उतरते. आकडा ऐकून छाती दडपते आणि माणूस सगळ्यात मोठा, सगळ्यात महाग रेडिएटर घ्यायला निघतो. पण रस्त्यावर पूर्ण जोर किती वेळ लागतो? फार तर दहा सेकंद. अडीचशे किलो लोखंड आणि पंधरा लिटर कूलंट मिळून एक अंशाने तापायला साधारण १७० किलोजूल खातात. म्हणजे रेडिएटर नसताच, तरी त्या दहा सेकंदांत तापमान आठ-नऊ अंशच चढलं असतं. नंतर ताशी शंभरच्या एकसारख्या वेगात पाण्यात पंधरा-वीस किलोवॅट उतरतात, आणि तेव्हा समोरून वाराही भरपूर असतो.

खरी परीक्षा सिग्नलला. मोठं कार्ब्युरेटरवालं व्ही-८ नुसतं उभं राहून तासाला दोन-अडीच लिटर पेट्रोल पितं. त्यातले सातेक किलोवॅट पाण्यात जातात आणि वारा शून्य. पंख्याने हवा ओढली नाही, तर मिनिटाला अडीच अंशांनी काटा चढतो. दहा मिनिटांच्या मिरवणुकीत गाडी वाफा सोडते ती म्हणून. बिचाऱ्या इंजिनाची अश्वशक्ती उगीच बदनाम होते.

मिनिटाला साठ लिटर पाणी फिरत असेल आणि पंधरा किलोवॅट काढायचे असतील, तर रेडिएटरमधून जाताना पाणी जेमतेम चार अंशांनी निवतं. तेवढीच उष्णता हवेत टाकायची आणि हवा तीस अंशांनीच तापू द्यायची, तर सेकंदाला चारशे लिटरच्या वर हवा लागते! पाणी उष्णता सहज आणून देतं, ती उचलायला हवा कमी पडते. तांब्यात उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून जास्त वेगाने वाहते, तरीही ॲल्युमिनियमचे रेडिएटर उत्तम चालतात, त्याचं कारण हेच. अडथळा धातूत नसतो, पत्र्याला चिकटून बसणाऱ्या हवेच्या पातळ थरात असतो. त्यामुळे तांबं-पितळेचा जुना रेडिएटर पडत्या भावात मिळाला तर नाक मुरडू नये.

जाडीच्या मागेही धावू नये. नळ्यांच्या चार रांगांचा रेडिएटर दणकट दिसतो, पण चौथ्या रांगेला पहिल्या तिघींनी तापवलेलीच हवा मिळते, आणि एवढ्या जाडीतून ती ओढताना पंखा धापा टाकतो. जाळीआड बसेल तेवढी लांबी-रुंदी घ्यावी आणि उरलेले पैसे श्राउडवर घालावेत. श्राउड म्हणजे पंख्याभोवतीचं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं खोकं. चौरस रेडिएटरला चिकटून गोल पंखा लावला, तर चारही कोपरे मिळून एकवीस टक्के जागा त्याच्या तावडीतून सुटते. शिवाय पात्यांच्या कडेने गरम हवा मागून पुढे वळून येते ती वेगळीच. घरी कापून वाकवलेला पत्राही हे काम चोख करतो.

पाणी फार वेगाने फिरलं की त्याला निवायला वेळ मिळत नाही, अशी एक समजूत जुन्या गॅरेजांत ठाण मांडून आहे. उलट आहे. वेग जास्त असला की रेडिएटरचा तळही गरम राहतो आणि हवेला जास्त उष्णता देतो. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच त्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, काढून टाकल्यावर काही गाड्या तापतात, त्यामागे दुसरं कारण असतं. थर्मोस्टॅटच्या आवळणीमुळे ब्लॉकमधल्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागातल्या, पाण्यावर पंपाचा दाब टिकतो. तो गेला की सिलिंडरच्या भिंतीपाशी, जिथे धातू सगळ्यात तापलेला असतो, तिथे वाफेचे बुडबुडे धरतात. वाफ उष्णता फारशी वाहून नेत नाही.

आता यार्डात. साठच्या दशकातल्या मस्टँगचा रेडिएटर आटोपशीर, आणि त्यात पाणी वरून खाली वाहतं, म्हणून हॉट रॉडवाल्यांचा तो जुना लाडका. शेवीच्या, म्हणजे शेव्हरलेच्या, पाण्याच्या पंपाचं खालचं तोंड गाडीच्या उजव्या अंगाला असतं, हे लक्षात ठेवून नळीची बाजू बघावी. गिअर ऑटोमॅटिक असतील तर ऑटोमॅटिक गाडीचाच रेडिएटर उचलावा, गिअर ऑइल गार करणारी नळी त्याच्या टाकीतच असते. मग टोपण उघडून आत उजेड टाकावा. नळ्यांच्या तोंडाशी झाळणावर पांढरी बुरशीसारखी खपली धरली असेल, तर निम्म्या नळ्या चोंदलेल्या समजाव्यात. नळ्यांच्या मधल्या, हवेला उष्णता देणाऱ्या पत्र्याच्या घड्यांवर अंगठा फिरवावा. त्या भुसभुशीत होऊन गळाल्या, तर नळ्या धड असूनही उपयोग नाही, कारण घड्या आणि नळी यांचा जोड सुटलेला असतो. शेवटी खालचं तोंड तळव्याने दाबून रेडिएटर पाण्याने भरावा आणि हात सोडावा. पाणी भसकन यायला हवं. नुसती धार लागली, तर तो परत ढिगावर ठेवावा.

नव्या गाड्यांतले आडव्या प्रवाहाचे रेडिएटर ढिगाने मिळतात, पण ते रुंद आणि बुटके. त्यातला छोटासा उभा करून बसवला तर बत्तीसच्या अरुंद जाळीत बसतो. उष्णतेला आडवं-उभं काही कळत नाही, हवेच्या बुडबुड्यांना मात्र कळतं. ते सगळ्यात उंच जागी जाऊन बसतात आणि मूळ टोपण आता तिथे नसतं. म्हणून रेडिएटर आणि इंजिन दोहोंपेक्षा उंचावर, फायरवॉलजवळ (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याजवळ), छोटी टाकी लावून टोपण तिच्यावर घ्यावं आणि रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून बारीक नळी तिच्यात सोडावी. १५ पौंडी, म्हणजे दर चौरस इंचाला १५ पौंड दाब धरणाऱ्या, टोपणाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, पण जुन्या झाळणाला तो दाब पेलत नाही. तांबं-पितळेचा म्हातारा रेडिएटर असेल तर सात पौंडी टोपण लावावं.