जेवल्यावर मेंदूतलं रक्त पोटात उतरतं का?

‘जेवण झालं की मेंदूतलं रक्त पोटाकडे जातं, म्हणून झोप येते.’ दर उन्हाळ्यात हा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर येतोच.

यातलं अर्धं खरं आहे. जेवणानंतर आतड्यांकडचा रक्तपुरवठा वाढतो. पण तो मेंदूच्या वाट्यातून कापला जात नाही. शरीराच्या वजनात मेंदू जेमतेम २ टक्के, तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के हिस्सा त्याला मिळतो. शरीर हा पुरवठा जपून स्थिर ठेवतं. तो खरंच घटला तर पेंग येत नाही, चक्कर येते.

मग डोळे का मिटतात? शरीराचं २४ तासांचं घड्याळ दुपारी एक ते तीनच्या सुमारास थोडं मंदावतं. ते जेवणावर अवलंबून नाही. पडताळायचं असेल तर एकादशीला पाहा. साबुदाणा, भगर काही नको (साबुदाण्याने उलट जडच वाटतं), फक्त ताक. अडीचला तरी जांभई येते.

डब्याचा वाटा नाही असं नाही. परभणीत काय, लातुरात काय, चौघांचे डबे एकत्र उघडले की येसराची आमटी, भाकरी, वर कुणीतरी आणलेली पुरणपोळी. पोट तुडुंब भरतं आणि मुळातली सुस्ती वाढते. रात्रीची अपुरी झोप, बेचाळीस अंशांचा उकाडा त्यात भर घालतात.

पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटले तर तरतरी येते. तासभर झोपलं की गाढ झोपेतून उठावं लागतं, आणि चार वाजेपर्यंत डोकं जड.