मंगोल साम्राज्याचे विघटन

चंगीझखानाने (मृत्यू १२२७) उभारलेले आणि त्याच्या मुला-नातवांनी कोरियापासून काळ्या समुद्रापर्यंत वाढवलेले मंगोल साम्राज्य तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात फुटले व त्यातून परस्परांशी लढणारी राज्ये निर्माण झाली, त्या घडामोडींना हे नाव दिले जाते. या राज्यांपैकी चीन व मंगोलियातील युआन, इराण-इराकमधील इल्खानी, मध्य आशियातील चगताई आणि व्होल्गा खोऱ्यातील गोल्डन होर्ड ही चार प्रमुख होत. चौथा महाखान मोंगके याच्या मृत्यूपासून (१२५९) फुटीचा आरंभ धरण्याची प्रथा आहे. तिची कारणे मात्र साम्राज्याच्या मूळ घडणीतच होती.

मंगोलांच्या समजुतीप्रमाणे जिंकलेला मुलूख गादीवरच्या एकट्या खानाचा नसे, तो चंगीझच्या साऱ्या घराण्याचा असे. चंगीझने जोची, चगताई, ओगदेई व तोलुई या चार मुलांना माणसे, कुरणे व फौजा वाटून दिल्या. अशा वाट्याला ‘उलुस’ म्हणत. धाकट्याने वडिलांचे घर सांभाळायचे या रिवाजाने मंगोलियाची मायभूमी तोलुईकडे आली. पुढे जिंकलेल्या संपन्न प्रांतांच्या उत्पन्नातही सगळ्यांचे हिस्से ठरले. व्होल्गाकाठी राहणाऱ्या जोचीच्या वंशजांना चीनच्या शान्शी भागातील पिंगयांगच्या उत्पन्नात वाटा होता. भावांमध्ये जमिनीचे तुकडे पडावेत आणि विहीर सामाईक राहावी, तशी ही व्यवस्था होती. कर्ता पुरुष खंबीर असेपर्यंत ती नीट चालली.

कर्ता निवडायचा कसा, हे मात्र कधीच पक्के ठरले नाही. घराण्यातील राजपुत्र व सेनानी यांच्या ‘कुरुलताई’ या सभेत महाखान निवडला जाई. थोरल्याचा हक्क, धाकट्याचा हक्क, मृत खानाची इच्छा, सर्वांत कर्तबगार कोण, यांतला कोणताही आधार तिथे पुढे करता येई. चंगीझनंतरचा महाखान ओगदेई १२४१ मध्ये वारल्यावर त्याची विधवा तोरेगेने हिने सुमारे पाच वर्षे कारभार हाकला व १२४६ मध्ये आपला मुलगा ग्युक याला गादीवर बसवले. तो दोनच वर्षांत मेला. त्यानंतर तोलुईची विधवा सोर्खोख्तानी व जोचीचा मुलगा बातू यांनी हातमिळवणी करून १२५१ मध्ये तोलुईचा मुलगा मोंगके याला निवडून आणले. ओगदेई व चगताई यांच्या शाखांतील अनेक राजपुत्र कटाच्या आरोपावरून मारले गेले, कित्येकांचे उलुस हिरावले गेले. मोंगके समर्थ राज्यकर्ता होता, त्याने जनगणना व करवसुलीची घडी बसवली. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते एकी १२५९ मध्ये नव्हे, या १२५१ च्या सूडसत्रातच मोडली. त्यातून वाचलेल्यांपैकी एक होता ओगदेईचा नातू कैदू.

ऑगस्ट १२५९ मध्ये दक्षिण चीनच्या सुंग राज्याविरुद्धच्या मोहिमेत, सिचुआनमधील दियाओयू गडाच्या वेढ्याच्या वेळी मोंगके मरण पावला. त्याचा भाऊ कुबलाई तेव्हा चीनमध्येच लढत होता, तर धाकटा अरिक बोके राजधानी काराकोरममध्ये होता. मे १२६० मध्ये कुबलाईने चीनच्या सीमेजवळील कायपिंग येथे स्वतःची कुरुलताई भरवून महाखानपद घेतले. सभा मायभूमीबाहेर भरलेली आणि तिला पश्चिमेकडील शाखांचे फारसे कोणी आलेले नाही, असा हा प्रकार होता. इकडे अरिक बोकेचीही महाखान म्हणून निवड झाली. एकाच वेळी दोन महाखान होण्याची ही पहिलीच वेळ होती.

या यादवीचा निकाल लढायांइतकाच धान्याने लागला. काराकोरम गवताळ प्रदेशात वसवलेले शहर होते, ते स्वतःच्या पिकावर जगू शकत नव्हते. ओगदेईच्या काळात तिथे रोज अन्नपाण्याने भरलेल्या ५०० गाड्या येत, असे इल्खानी दरबाराचा वजीर व इतिहासकार रशीदुद्दीन लिहितो. कुबलाईने चीनकडून येणारी ही रसद तोडली. अरिक बोकेने मग चगताईचा नातू अलघू याला मध्य आशियात रसद गोळा करायला पाठवले. अलघूने जमवलेला माल स्वतःकडेच ठेवला आणि पक्ष बदलला. शेवटी १२६४ मध्ये अरिक बोके भावाला शरण आला व दोन वर्षांनी वारला. कुबलाई जिंकला खरा, पण पाठिंब्याची किंमत म्हणून अमू दर्या नदीपासून मिसरच्या (इजिप्तच्या) सीमेपर्यंतचा मुलूख त्याला भाऊ हुलागू याच्याकडे, तर अल्ताई पर्वतापासून अमू दर्यापर्यंतचा अलघूकडे राहू द्यावा लागला.

त्याच सुमारास पश्चिमेला दुसरे भांडण पेटले. हुलागूने १२५८ मध्ये बगदाद घेऊन खलिफा मुस्तासिम याला ठार केले होते. बातूचा भाऊ व गोल्डन होर्डचा खान बर्के मुसलमान झालेला होता, त्याला हे लागले. परंतु धर्म हे एकच कारण मानणे बरोबर नाही. अझरबैजान व अरान येथील हिवाळी कुरणांवर जोचीच्या घराण्याचा जुना दावा होता आणि नेमकी तीच हुलागूने बळकावली. त्याच्या सैन्यात गेलेले जोची शाखेचे तीन राजपुत्रही तिथे मेले. १२६२ मध्ये युद्ध सुरू झाले. पुढच्या हिवाळ्यात तेरेक नदीवर हुलागूच्या फौजेची वाताहत झाली. माघार घेताना गोठलेल्या नदीवरचा बर्फ फुटून कित्येक स्वार घोड्यांसह बुडाले. त्याआधी सप्टेंबर १२६० मध्ये ऐन जालूत येथे मिसरच्या ममलूकांनी हुलागूने मागे ठेवलेल्या तुकडीचा पराभव केला होता. आता बर्केने त्याच ममलूकांचा सुलतान बैबर्स याच्याशी दोस्ती केली. एका मंगोल खानाने दुसऱ्या मंगोल खानाविरुद्ध परक्या राज्याचा हात धरला होता, आणि गोल्डन होर्डच्या मुलखातून काळ्या समुद्रामार्गे मिसरला जाणाऱ्या किपचाक तुर्क गुलामांतून ममलूकांची फौज भरत राहिली.

१२६९ मध्ये तलास नदीकाठी कैदू, चगताई खान बराक व गोल्डन होर्डचा प्रतिनिधी एकत्र आले. मावराउन्नहर म्हणजे अमू व सिर दर्यांमधल्या प्रदेशाचे दोन तृतीयांश उत्पन्न बराकला व उरलेले कैदू आणि गोल्डन होर्डला, अशी वाटणी ठरली. रशीदुद्दीनच्या वृत्तांतानुसार त्यांनी एकमेकांना ‘अंदा’ म्हणजे शपथभाऊ मानले. आपण डोंगर-कुरणांतच राहू, शहरांत शिरणार नाही, रयतेच्या उभ्या पिकात गुरे सोडणार नाही, असेही ठरले. विघटनाच्या इतिहासात या बैठकीला फार मोठे स्थान द्यायला हवे, कारण महाखानाला न विचारता घराण्याच्या मालमत्तेची वाटणी करण्याचा अधिकार इथे उघडपणे घेतला गेला. बराकने करार लगेच मोडला. इराणवर चालून गेला असता १२७० मध्ये हेरातजवळ हुलागूचा मुलगा इल्खान अबाका याने त्याला हरवले आणि मध्य आशियाची सत्ता कैदूच्या हाती आली. पाठ्यपुस्तकांतले चार राज्यांचे सुटसुटीत चित्र इथे अपुरे पडते. तीस वर्षे कैदू ही पाचवी सत्ता होती आणि कुबलाईला सर्वांत जास्त त्रास तिनेच दिला.

कुबलाईने १२७१ मध्ये ‘युआन’ हे चिनी पद्धतीचे घराणे जाहीर केले, आजच्या बीजिंगच्या जागी दादू ही राजधानी वसवली व १२७९ पर्यंत सुंग राज्य संपवले. इराणचे इल्खान त्याला वडीलधारा मानत, त्याच्याकडून मान्यतेची सनद घेत. पण दोघांमधला खुष्कीचा मार्ग कैदूच्या लढायांनी असुरक्षित झाला होता. इल्खान अर्घूनसाठी कोकोचीन ही राजकन्या चीनमधून पाठवायची ठरली तेव्हा तिला समुद्रमार्गे न्यावे लागले. त्या ताफ्यात मार्को पोलो होता. ती इराणला पोचेपर्यंत अर्घून वारला होता, म्हणून तिचे लग्न त्याचा मुलगा गाझान याच्याशी लागले. गाझानने १२९५ मध्ये इस्लाम स्वीकारून गादी घेतली. गोल्डन होर्डमध्ये उझबेक खानाने (कार. १३१३–४१) इस्लामला राजाश्रय दिला. युआन दरबार मात्र तिबेटी बौद्ध धर्माकडे झुकलेला राहिला.

कैदू १३०१ मध्ये मेल्यावर चगताई खान दुवा याने तहाचा पुढाकार घेतला. १३०४ मध्ये सर्व शाखांनी कुबलाईचा नातू व वारस तेमूर याचे ज्येष्ठपद मान्य केले. पुढच्या वर्षी इल्खान ओल्जाइतू याने फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याला मंगोल भाषेत पत्र लिहून घराण्यातील भांडण मिटल्याचे कळवले. ते पत्र फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहे. तहाने राज्ये पुन्हा एक झाली नाहीत, पण दूत व व्यापारी मोकळेपणाने फिरू लागले.

या फुटीची झळ हिंदुस्थानालाही बसली. पूर्वेला युआन व पश्चिमेला इल्खान उभे असल्याने चगताई फौजा दक्षिणेकडे वळल्या. दुवाचा मुलगा कुत्लुग ख्वाजा १२९९ मध्ये दिल्लीपर्यंत आला. दिल्लीजवळच्या कीलीच्या लढाईत अलाउद्दीन खलजीचा सेनापती जफरखान पडला. १३०३ मध्ये मंगोल सेनानी तरघीने दिल्लीला वेढा घातला आणि सुलतानाला सीरीच्या छावणीत अडकून राहावे लागले. त्यानंतर अलाउद्दीनने सीरीची तटबंदी केली व प्रचंड रोखपगारी फौज उभारली. तिचा पगार पुरावा म्हणून धान्य, कापड व घोडे यांचे भाव बांधून दिले, असे इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो. अलाउद्दीनच्या खजिन्यात देवगिरीची भर मोठी होती. १२९६ मध्ये यादव राजा रामचंद्र याच्याकडून नेलेल्या संपत्तीवरच त्याने तख्त मिळवले होते आणि पुढेही देवगिरीहून खंडणी जात राहिली. अमू दर्यापलीकडच्या भाऊबंदकीतून उठलेल्या स्वाऱ्यांचा भार अशा रीतीने काही अंशी महाराष्ट्रानेही वाहिला.

चौदाव्या शतकात ही राज्ये पाठोपाठ कोलमडली. इल्खान अबू सईद १३३५ मध्ये निपुत्रिक वारला आणि इराण जलायिरी, चोबानी, मुजफ्फरी अशा घराण्यांत विभागले गेले. चगताई राज्याचे १३४०च्या दशकात दोन भाग झाले. त्यातल्या पश्चिम भागात सत्ता तुर्की अमीरांकडे गेली, पूर्वेकडचा मोगलिस्तान चगताई वंशजांकडे राहिला. गोल्डन होर्डमध्ये १३५९ मध्ये बर्दीबेक खानाचा खून झाला व पुढच्या दोन दशकांत वीसच्या आसपास खान होऊन गेले. चीनमध्ये १३६८ मध्ये मिंग फौजा दादूत शिरल्या आणि शेवटचा युआन सम्राट तोगोन तेमूर उत्तरेकडे पळाला.

तरीही ‘खान’ होण्यासाठी चंगीझचे रक्त हवे, ही धारणा राज्यांनंतरही टिकली. चंगीझच्या वंशाबाहेरचा सेनानी ममाई याने गोल्डन होर्डचा पश्चिम भाग वर्षानुवर्षे चालवला, पण स्वतः खान होता आले नाही म्हणून तो बाहुले खान बसवत राहिला. तैमूरलंगाने १३७० पासून हेच केले, स्वतः ‘अमीर’ राहिला आणि चंगीझ वंशातील स्त्रीशी लग्न करून ‘गुरकान’ म्हणजे जावई हे बिरूद मिरवले. बाबर वडिलांकडून या तैमूरचा वंशज, तर त्याची आई कुत्लुग निगार खानम ही मोगलिस्तानच्या यूनुस खानाची मुलगी म्हणजे चगताईच्या वंशातली होती. जोचीच्या वंशातील गिराई घराणे क्रिमियात १७८३ पर्यंत राज्य करत होते. त्या वर्षी रशियाने क्रिमिया खालसा केला.