छापा राजाचा, काटा गावाचा

आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिजिया भागातल्या अपामिया शहराचं एक काशाचं नाणं आहे, आपल्या जुन्या बंद्या रुपयाहून जरा मोठंच. छाप्याच्या बाजूला रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस, नेहमीसारखा दाढीवाला. नाणं उलटं केलं की मात्र वेगळीच कथा सुरू होते. उजवीकडे एक चौकोनी पेटी, तिच्यातून कमरेपर्यंत दिसणारं जोडपं, झाकणावर बसलेला एक पक्षी आणि डहाळी घेऊन उडत येणारा दुसरा. डावीकडे तेच जोडपं पेटीबाहेर, हात वर करून उभं. प्रलय आणि सुटका एकाच चित्रात. पेटीवर तीन ग्रीक अक्षरं कोरलेली आहेत: 'नोए'. म्हणजे प्रलयातून तारवात बसून वाचलेला, बायबलमधला नोहा!

हे नाणं इ.स. 200च्या आसपासचं. ख्रिस्ती धर्माला रोमन साम्राज्यात मान्यता मिळायला अजून शंभरेक वर्षं होती. मग सम्राटाच्या पाठीवर नोहा आला कुठून? गंमत शहराच्या टोपणनावात आहे. अपामियाला 'किबोतोस' म्हणत, म्हणजे पेटी. ग्रीक बायबलमध्ये नोहाच्या तारवालाही हाच शब्द. अपामियात ज्यूंची वस्ती जुनी होती. जेरुसलेमच्या मंदिरासाठी त्यांनी जमवलेलं जवळजवळ शंभर रोमन पौंड सोनं इ.स.पू. 62मध्ये तिथेच जप्त झालं होतं. नाव पेटीचं, गोष्टही पेटीची. गावाने ती आपलीशी केली आणि नाण्यावर मिरवली. पुढे तिसऱ्या गॉर्डियन आणि फिलिप या सम्राटांच्या काळातही हेच चित्र पुन्हा पाडलं गेलं.

साम्राज्याच्या पूर्व भागात शेकडो शहरं अशी स्वतःची नाणी पाडत. रोजच्या बाजारहाटाची ही चिल्लर. छाप्यावर सम्राट असला की झालं. काट्यावर आपलं दैवत, आपली नदी, आपलं देऊळ.

छाप्याची बाजू तर कधीकधी अक्षरशः उसनी असे. नाणं ठोकायच्या ठशाला बारीकशी चीर गेली की ती पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटते, आणि त्यावरून ठसा ओळखता येतो. कोनराड क्राफ्ट या जर्मन अभ्यासकाने 1972मध्ये दाखवून दिलं, की आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, वेगवेगळ्या शहरांच्या नाण्यांवर सम्राटाचा चेहरा एकाच ठशाने उमटवलेला आहे. कारागीर एकच, गिऱ्हाइकं अनेक. फिरते कारागीर की मोठे कारखाने, यावर अजून वाद आहे.

राजाची बाजू धोक्याचीही होती. डिसेंबर 211मध्ये सेव्हेरसचा मुलगा, सम्राट काराकाला याने धाकट्या भावाचा, गेटाचा, खून करवला आणि त्याचं नाव-चेहरा सगळीकडून पुसायचा हुकूम सुटला. (आपल्याकडे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या नाण्यांवर स्वतःचा ठसा मारला, नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906मध्ये अशी हजारो नाणी सापडली. पण ते शत्रूचं नाणं होतं, सख्ख्या भावाचं नव्हे.) आशिया मायनरमधल्याच कारिया भागातल्या स्ट्रॅटोनिकिया शहराच्या नाण्यांवर दोघे भाऊ समोरासमोर होते. आज ती नाणी हातात घेतली तर काराकालासमोर नुसतं घासलेलं, गुळगुळीत काशं आहे.

त्यातली काही उलटी केली की हेकाटी ही ग्रीक देवी दिसते. हातात मशाल, पायाशी कुत्रा. तिला कोणी हात लावलेला नाही.