आधी जाहीर केलेली वेळ: ड्रॅग कारच्या सातत्याची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून कॅलिफोर्नियातील कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत हौशी लोक आपापल्या गाड्यांचा कमाल वेग मोजत असत. युद्धानंतर हा नाद धावपट्ट्यांवर आला आणि जागेवरून सुटून पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, आधी कोण पार करतो यावर स्थिरावला; हीच ड्रॅग रेसिंग. १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळावर नियमित शर्यती सुरू झाल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली. त्या काळात ट्यूनिंग म्हणजे इंजिनातून शक्य तेवढी ताकद काढणे. दोन फेऱ्यांच्या वेळा जुळतात की नाही, याची फारशी कोणाला पडलेली नव्हती.

ही दृष्टी बदलली ती पैशाच्या प्रश्नामुळे. ज्याच्याकडे मोठे इंजिन तोच जिंकणार, तर सामान्य स्पर्धकाने यायचे कशासाठी? यावर तोडगा म्हणून संथ गाडीला आधी सोडण्याची पद्धत आली. १९६३ मध्ये झेंडा दाखवणाऱ्या माणसाच्या जागी ‘ख्रिसमस ट्री’ हा दिव्यांचा खांब वापरात आल्यावर हे अंतर यंत्राने अचूक देता येऊ लागले, आणि १९७० च्या दशकात ब्रॅकेट रेसिंग सर्वत्र पसरले. त्यात चालक आपली गाडी किती सेकंदांत धावेल हे आधीच जाहीर करतो. यालाच डायल-इन म्हणतात. एकाने १२.०० आणि दुसऱ्याने १०.५० सेकंद सांगितले, तर पहिल्याला दीड सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो. मात्र जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचल्यास तो ‘ब्रेकआउट’ ठरतो, आणि दुसऱ्याने आपली मर्यादा पाळली असेल तर पुढे असूनही गाडी हरते. माझ्या मते या खेळातील सर्वांत मोठे वळण हेच, कारण येथून पुढे दोन शतांश सेकंदांची अनपेक्षित बचतसुद्धा दोष ठरली.

पुढचा सारा इतिहास बदलणाऱ्या गोष्टी एकेक करून कमी करण्याचा आहे. पायाने सोडायच्या क्लचमध्ये प्रत्येक सुटणे थोडे वेगळे होई, म्हणून ब्रॅकेटवाल्यांनी टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलाच्या माध्यमातून इंजिनाची ताकद पुढे देणारा भाग, असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जवळ केला. ट्रान्सब्रेकमुळे, म्हणजे गिअरबॉक्सच गाडी रोखून धरतो आणि बटण सोडताच सोडतो अशा व्यवस्थेमुळे, इंजिन दर वेळी ठरावीक गतीने (आरपीएमवर) फिरत असतानाच गाडी सुटू लागली. पुढे डिले बॉक्स आला. चालक पहिला पिवळा दिवा पाहून बटण सोडतो आणि उरलेला विलंब पेटी मोजते. यात चालकाचे कसब कुठे उरले, हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत आहे, आणि म्हणूनच अशा उपकरणांना मनाई असलेले गटही चालतात.

ठरावीक वेळेच्या गटांनी, म्हणजे जेथे सर्वांना एकच वेळ ठरवून दिलेली असते अशा गटांनी, आणखी एक पाऊल टाकले. सुपर गॅस गटाची मर्यादा ९.९० सेकंद, तर सुपर कॉम्पची ८.९० सेकंद. तेथे आठ सेकंदांत पोहोचू शकणाऱ्या गाडीलाही वाटेत थ्रॉटल स्टॉपने (इंजिनाचा थ्रॉटल पूर्ण उघडू न देणाऱ्या उपकरणाने) काही काळ मुद्दाम आवरले जाते.

हवामान मात्र कोणाच्या ताब्यात नाही. तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता बदलली की सिलिंडरमध्ये जाणाऱ्या प्राणवायूचे प्रमाण बदलते; समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरहून उंच असलेल्या डेन्व्हरजवळच्या ट्रॅकवर गाड्या हमखास मंद धावत, ते याचमुळे. या तिन्हींचा एकत्र हिशेब ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ या एका आकड्यात मांडता येतो. स्पर्धक हा आकडा आणि त्या फेरीची वेळ वहीत शेजारीशेजारी लिहून ठेवू लागले, आणि पुढच्या फेरीचे डायल-इन त्यावरून ठरू लागले. अर्थात, इंजिनाचे आणि गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान, मागच्या टायरांतील हवा आणि बर्नआउटची (सुटण्याआधी चाके जागेवर फिरवून टायर तापवण्याची) लांबी दर वेळी सारखी असेल, तरच या नोंदींना अर्थ राहतो. पहिल्या ६० फुटांत झालेला फरक शेवटच्या रेषेपर्यंत वाढत जातो, त्यामुळे अनुभवी ट्यूनर अश्वशक्तीचा आकडा पाहण्याआधी ६० फुटांच्या वेळा पाहतो, आणि त्या जुळत नसतील तर थोडी ताकद कमी करूनही चाकांची पकड आधी सावरतो.