दागिन्यांचं मूल्यांकन करून घ्यायचंय? आधी कारण आणि तारीख ठरवा

आई गेल्यावर तीन महिन्यांनी आम्ही भावंडं लॉकर उघडायला गेलो. तिच्या वहीत बोरमाळेपुढे ‘अडीच तोळे’ लिहिलेलं होतं आणि वाटणी त्या वहीवरच होणार होती. धाकटी बहीण अडून बसली म्हणून मूल्यांकन करून घेतलं. काट्यावर बोरमाळ २९ ग्रॅम भरली. वहीतली नोंद खोटी नव्हती, जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्यानं अडीच तोळे म्हणजे २९ ग्रॅमच होतात. पण ते वजन मण्यांतल्या लाखेसकट आणि दोऱ्यासकट होतं. ते वजा करून सोनं उरलं जेमतेम १८ ग्रॅम. ज्या भावाच्या वाट्याला ती जाणार होती, त्याचं किती नुकसान झालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

बोरमाळ, ठुशी, कोल्हापुरी साज, मोत्यांची नथ हे आपले दागिने नुसत्या वजनावर कळत नाहीत. म्हणून ही माहिती सविस्तर लिहिते आहे.

एकाच दागिन्याच्या तीन किमती

मूल्यांकन करणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘कशासाठी हवंय?’ मोडीत काढायचा असेल तर निव्वळ सोन्याचा भाव मिळतो, घडणावळ बुडते. विमा उतरवायचा असेल तर तसाच दागिना आज नव्यानं घडवायला किती लागेल हे पाहतात, म्हणजे घडणावळ आणि जीएसटी धरून. वाटणीसाठी किंवा प्राप्तिकरासाठी लागतो तो ठरावीक तारखेचा बाजारभाव. त्यामुळे विम्यासाठी काढलेला अहवाल वाटणीत वापरू नका. कारण आणि तारीख दोन्ही अहवालावर लिहून घ्या.

नुसती शुद्धता पाहायची असेल तर

त्यासाठी मूल्यांकनकार लागत नाही. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात, म्हणजे सोन्यावर शुद्धतेचा शिक्का मारतात तिथे, कुणीही आपले बिनहॉलमार्कचे दागिने तपासून घेऊ शकतो. बीआयएसने ठरवलेला दर चार नगांपर्यंत एकूण २०० रुपये, आणि पाच किंवा जास्त नग असतील तर प्रत्येकी ४५ रुपये. तिथे मशीनवर केलेली तपासणी पृष्ठभागाची असते. मुलामा जाड असेल किंवा मशीनचा किरण नेमका सांध्यावरच्या डाकावर (जोड देताना वापरलेल्या मिश्रधातूवर) पडला, तर आकडा फसवा येतो. दोन-तीन ठिकाणी तपासायला सांगा. सोनं वितळवून करायची तपासणी जास्त भरवशाची, पण त्यात दागिन्याचा तुकडा जातो. आजीच्या दागिन्यासाठी मी तरी ती करून घेणार नाही.

दागिन्यावर हॉलमार्क असेल तर भिंगातून पाहा. १ एप्रिल २०२३ पासून सराफाला सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय (प्रत्येक नगाच्या वेगळ्या ओळख क्रमांकाशिवाय) हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की तपशील दिसतो. २२ कॅरेटवर ९१६ आणि १८ कॅरेटवर ७५० हा आकडा असतो. छापापेक्षा शुद्धता कमी निघाली, तर विकलेल्या वजनावर जेवढी तूट येते तिच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळावा, असा बीआयएसच्या २०१८ च्या नियमांत हक्क आहे. म्हणून बिल फेकू नका. दोन ग्रॅमपेक्षा हलका नग आणि कुंदन, पोलकी, जडाऊ काम यांना हॉलमार्कची सक्ती नाही, तेव्हा त्यावर शिक्का नसला म्हणजे माल खोटा असं समजू नका.

अधिकृत अहवाल कोण देतो

वाटणी, वारसा, कोर्टाचं काम किंवा प्राप्तिकर यांसाठी सरकारी नोंदणी असलेला मूल्यांकनकार लागतो. ही नोंदणी १९५७ च्या संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४ एबीखाली सुरू झाली. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो कर रद्द झाला, पण मूल्यांकनकारांची ही ओळख कायम राहिली. जाण्याआधी त्यांचा नोंदणी क्रमांक मागा आणि नोंदणी ‘दागिने’ या वर्गात आहे का ते विचारा. हे विचारायला संकोच वाटतो, तरी विचाराच. कंपनी कायद्याखाली नोंदलेले मूल्यांकनकारही असतात, पण त्यांचे वर्ग जमीन-इमारत, यंत्रसामग्री आणि रोखे असे आहेत. त्यात दागिने नाहीत. ओळखीच्या सराफानं लेटरहेडवर लिहून दिलेली किंमत घरातल्या बोलण्यापुरती ठीक आहे, करासाठी तिच्यावर विसंबू नका.

अर्ज दागिन्याच्या मालकानं, वारसानं किंवा लेखी अधिकारपत्र असलेल्या माणसानं करायचा. सोबत पॅन आणि आधार, दागिन्यांची यादी, असतील ती जुनी बिलं, हिऱ्याचं प्रमाणपत्र असेल तर तेही. मालक हयात नसेल तर मृत्यू दाखला आणि मृत्युपत्राची किंवा वारस असल्याच्या कागदाची प्रत लागते. जुनं बिल नसेल तर अडत नाही, यादीत ‘आईकडून आलेलं’ असं स्पष्ट लिहा. लॉकरमधून माल हलवायची भीती वाटत असेल तर मूल्यांकनकाराला बँकेत बोलवता येतं, पण शाखाधिकाऱ्यांना आधी विचारून ठेवा. शुल्कही आधी ठरवा आणि त्याची पावती घ्या.

त्या दिवशी

सगळं तुमच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे. काटा शून्यावर आहे ना, ते पाहा. प्रत्येक नगाचं आधी एकूण वजन, मग लाख, मोती, खडे, दोरा यांची वजावट आणि शेवटी निव्वळ वजन असं लिहिलं जातं. वजावट अंदाजानं असते, कारण मणी फोडून लाख काढता येत नाही. आमच्या मूल्यांकनकारानं एक सुटा मणी वेगळा तोलला, त्याचं भोक भिंगातून दाखवलं आणि मग आकडा लिहिला. अंदाज कसा बांधला हे असं समजावून सांगणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका. बसवलेल्या हिऱ्याचं वजन मोजमापावरून काढतात. हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेत घडवलेला हे मात्र नुसत्या नजरेनं ठरत नाही, मोठा खडा असेल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतच द्या.

अहवालावर नगाचं वर्णन, फोटो, दोन्ही वजनं, शुद्धता, लावलेला भाव आणि त्याची तारीख, सही, शिक्का व नोंदणी क्रमांक असल्याशिवाय उठू नका.

प्राप्तिकराचं काय

वारशानं आलेला दागिना विकला तर मूळ मालकाची खरेदी तुमची धरली जाते. ती १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या तारखेचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून घेता येतो, आणि त्यासाठीच हा अहवाल लागतो. २३ जुलै २०२४ पासून, २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ बाळगलेल्या सोन्याच्या नफ्यावर महागाईची सवलत न देता १२.५ टक्के कर आहे. लोक ज्या ५००, २५० आणि १०० ग्रॅमच्या मर्यादा सांगतात (विवाहित स्त्री, अविवाहित स्त्री, पुरुष), त्या प्राप्तिकर खात्याच्या ११ मे १९९४ च्या सूचनेतल्या आहेत. छाप्यात तेवढे दागिने जप्त करू नयेत, इतकाच त्यांचा अर्थ. त्याहून जास्त सोनं हिशेब देऊन बाळगायला बंदी नाही.

गहाण ठेवताना आणि परदेशी जाताना

सोनेतारण कर्जासाठी बँकेचा स्वतःचा पारखी असतो, तुमचा अहवाल तिथे चालेलच असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार पारख कर्जदारासमोर व्हायला हवी आणि वजन, वजावट, शुद्धता लिहिलेलं प्रमाणपत्र त्याला मिळायला हवं. खड्यांची किंमत धरत नाहीत. कर्ज फिटल्यावर सात कामकाजी दिवसांत दागिने परत मिळाले नाहीत आणि चूक कर्ज देणाऱ्या संस्थेची असेल, तर पुढच्या दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

मुलांकडे परदेशी जाताना भारी दागिने नेणार असाल तर मूल्यांकनाचा कागद आणि फोटो घेऊन विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना आपल्याच दागिन्यांवर शुल्क पडत नाही. त्यासाठी घरून थोडं लवकर निघा. हे प्रमाणपत्र जातानाच मिळतं, परत आल्यावर मागून उपयोग नसतो.