कॉम्प्युटर कोणाची वाट पाहतोय?

सकाळी ऑफिसात पासवर्ड टाकला की पडद्यावर ‘वेलकम’ येतं, ठिपक्यांचं वर्तुळ फिरू लागतं आणि माणूस चहाला निघून जातो. परत येतो तरी वर्तुळ फिरतंच आहे. मग ‘पीसी स्लो झालाय’ अशी तक्रार जाते आणि त्यावरचे उपायही ठरलेले असतात: रॅम वाढवा, फॉरमॅट मारा, नाहीतर नवीन मशीन घ्या. त्या खर्चाआधी एक गोष्ट फुकटात बघता येते. डेस्कटॉपच्या कॅबिनेटवर बहुधा दोन दिवे असतात. एक पॉवरचा, दुसरा डिस्कचं वाचन-लेखन चालू असताना लुकलुकणारा. वर्तुळ फिरत असताना या दुसऱ्या दिव्यावर नजर ठेवा. तो सलग पेटलेला असेल तर मशीन खरोखर राबतंय. तो विझलेला असेल, मधूनच एखादी चमक येत असेल, तर बहुतेक वेळा मशीनला काही कामच नाही. ते कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत बसलंय.

दिवा सलग पेटलेला असेल, तर गुन्हेगार बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलिसेकंद, आणि डोकं योग्य मार्गावर सरकायला साधारण आठ-नऊ. विखुरलेल्या फायली वाचायच्या तर सेकंदाला पाऊणशे-शंभर ठिकाणं एवढीच तिची झेप. विंडोज सुरू होताना हजारो लहान तुकडे वाचावे लागतात, वर अँटिव्हायरस प्रत्येक तुकडा तपासतो. इथे एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली डिस्क, बसवणं हाच खरा इलाज, आणि तो पैसा वसूल करून देतो.

पण दिवा विझलेला असताना एसएसडी बसवली, रॅम दुप्पट केली, तरी एक सेकंदही वाचत नाही. आणि ऑफिसातल्या, नेटवर्कवरून लॉगिन होणाऱ्या पीसींची दुखणी मोठ्या प्रमाणात याच जातीची असतात.

ही वाट पाहणं म्हणजे काय ते नीट बघू. समजा, लॉगिन होताच सामायिक फोल्डर जोडण्यासाठी कोणीतरी पूर्वी एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी, लिहून ठेवली आणि त्यातला सर्व्हर पुढे बंद झाला. घरावर ‘गावाला गेलोय’ अशी पाटी असेल तर पाहुणा लगेच माघारी वळतो. पाटी नसेल तर बेल वाजवत उभा राहतो. चालू असलेला सर्व्हर ‘ही सेवा इथे नाही’ असं जवळजवळ लगेच कळवतो. बंद सर्व्हर काहीच बोलत नाही. मग विंडोज जोडणीची विनंती पुन्हा पुन्हा पाठवतं आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबतं. जुन्या विंडोजमध्ये हे थांबणं ३, ६ आणि १२ सेकंदांचं असायचं. एकूण २१ सेकंद.  असे तीन मेलेले पत्ते एकामागून एक आले की मिनिट गेलंच.

म्हणूनच मला मोबाइलमधलं स्टॉपवॉच फार मोलाचं वाटतं. राबणाऱ्या मशीनचा वेळ रोज थोडा कमीजास्त होतो. वाट पाहणाऱ्या मशीनचा वेळ ठरलेला असतो, कारण तो कोणीतरी प्रोग्रॅममध्ये लिहिलेला आकडा असतो. तीन दिवस मोजून दर वेळी तेवढेच सेकंद जास्तीचे भरत असतील, तर दुखणं डिस्कचं नाही.

खात्री करायला एक सोपा प्रयोग आहे. नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा आणि लॉगिन करा. त्या मशीनवर तुम्ही आधी लॉगिन केलेलं असेल तर विंडोज तुम्हाला आत घेतं, कारण शेवटच्या १० जणांच्या पासवर्डची पडताळणी करता येईल इतपत माहिती ते मुळातच जपून ठेवतं. सामायिक ड्राइव्ह दिसणार नाहीत, पण प्रश्न तो नाहीच. केबल नाही म्हटल्यावर विंडोज कोणासाठी थांबत नाही. केबल लावून चार मिनिटं आणि केबलविना वीस सेकंद असा फरक निघाला, तर पीसी ठणठणीत आहे. शोध भिंतीतल्या सॉकेटच्या पलीकडे घ्यायचा.

पलीकडे पहिली पायरी असते पत्ता विचारण्याची. ऑफिसातल्या पीसींच्या एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या गटाला डोमेन म्हणतात. त्यातला पासवर्ड तपासणारा सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, तो नेमका कुठे आहे हे पीसीला पाठ नसतं. तो डीएनएसला विचारतो. ही नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली, आणि विंडोज २००० पासून डोमेनचं लॉगिन तिच्यावरच उभं आहे. ऑफिसच्या आतल्या डोमेनचा पत्ता फक्त ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरला ठाऊक असतो. इंटरनेटवरच्या डीएनएसला ते नाव माहीत असण्याचं कारणच नाही.

आणि नेमकं इथेच घोळ होतो. एखाद्या दिवशी नेट बंद पडतं, कनेक्शनवाला येतो, आणि ‘असू द्या जोडीला’ म्हणून पीसीच्या डीएनएस सेटिंगमधल्या दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८ भरून जातो. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस, २००९ पासून चालू असलेला, कामाला चोख. पण विंडोज दोघांचं ऐकून खरं-खोटं करत नाही. पहिल्याने सेकंदभरात उत्तर दिलं नाही की ते दुसऱ्याकडे वळतं, आणि दुसरा ‘असं नावच नाही’ म्हणाला की ते उत्तर खरं मानतं. सकाळी दहाला सगळे एकदम लॉगिन करतात, पहिला सर्व्हर क्षणभर अडखळतो, आणि काही पीसी चुकीच्या दारात जाऊन उभे राहतात. दुपारी तपासायला गेलं तर सगळं सुरळीत. इंटरनेट तर दिवसभर उत्तम चालत असतं, त्यामुळे नेटवर्कवर कोणाचा संशयही जात नाही. डोमेनमधल्या पीसीवर दोन्ही रकान्यांत ऑफिसचेच डीएनएस सर्व्हर हवेत. बाहेरचा पत्ता लागतो तो त्या सर्व्हरला, बाहेरची नावं पुढे विचारण्यासाठी.

दुसरं एक कारण मला सगळ्यांत विलक्षण वाटतं, कारण त्यात नवीन, वेगवान पीसीच जास्त अडकतो. ऑफिसातले स्विच, म्हणजे पीसींच्या नेटवर्क केबली एकत्र जोडणारे डबे, एकमेकांना चुकून गोल जोडले गेले, तर इथरनेटचा, म्हणजे या केबलींच्या नेटवर्कचा, निरोप त्या वर्तुळात फिरतच राहतो. त्याला वयोमर्यादा नसते. काही क्षणांत सगळं नेटवर्क गुदमरतं. यावर राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत असताना तोड काढली, तिचं नाव स्पॅनिंग ट्री. केबलमध्ये जीव आला की स्विच ती केबल जोडलेलं भोक (पोर्ट) लगेच उघडत नाही. १५ सेकंद ऐकतो, पुढचे १५ सेकंद कोण कुठे आहे ते शिकतो, आणि वर्तुळ नाही अशी खात्री पटल्यावरच वाट मोकळी करतो. स्विचवरचा दिवा बहुधा नारिंगीचा हिरवा होतो तो या ३० सेकंदांनंतर.

जुन्या पीसीला सुरू व्हायलाच दीड मिनिट लागायचं, त्यात ही तीस सेकंदं विरून जायची. एसएसडीवाला पीसी पंधरा सेकंदांत लॉगिनच्या पडद्यावर येतो आणि नेटवर्क मागतो, तेव्हा स्विच अजून ऐकण्यातच गुंतलेला असतो. त्यात सुरू होताना नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, चढला की जोडणी क्षणभर तुटते आणि स्विचची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पीसीला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, मिळत नाही, तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता घेतो, आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत डोमेन कंट्रोलर सापडला नसल्याची ५७१९ किंवा ११२९ क्रमांकाची नोंद पडते. इलाज स्विचच्या सेटिंगमध्ये आहे: ज्या भोकाला फक्त पीसी जोडलाय ते ‘एज पोर्ट’ म्हणून जाहीर करायचं. सिस्कोच्या स्विचवर याला पोर्टफास्ट म्हणतात. दोन स्विच जोडणाऱ्या भोकावर मात्र हे कधीही करू नये. पर्लमन यांनी लावलेला पहाराच त्याने उठतो.

कुठल्याही टेबलावर बसा, आपला डेस्कटॉप समोर हजर, अशी सोय काही ऑफिसांत असते. तिथे रोमिंग प्रोफाइल, म्हणजे आपल्या फायली आणि सेटिंग, सर्व्हरवरून उतरतं. डेस्कटॉपवर लग्नाचे व्हिडिओ धरून ५ जीबी साठले असतील, तर एका बाइटचे आठ बिट धरून ते ४० गिगाबिट झाले. आधीची प्रत नसलेल्या मशीनवर, १०० मेगाबिटच्या जोडणीतून, ते उतरायला निदान ४०० सेकंद लागणार. इथे केबलही तपासावी. गिगाबिटच्या (१००० मेगाबिट) जोडणीला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. खुर्चीच्या चाकाखाली एक तार तुटली की जोडणी बरेचदा गुपचूप १०० वर येते. नेट चालूच राहतं, दहा पट वेग जातो.

घड्याळावरही एक नजर टाका. डोमेनमधलं विंडोजचं लॉगिन कर्बेरॉस या पद्धतीने चालतं, जी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये घडली. तिच्यात प्रत्येक ओळखतिकिटावर वेळ असते आणि पीसी आणि सर्व्हरच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त तफावत मुळात खपवून घेतली जात नाही. रात्री बोर्डाचं बटण बंद करणाऱ्या ऑफिसात मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल एकटाच घड्याळ चालवतो आणि लवकर संपतो. सकाळी तारीख काही वर्षं मागची दिसली, तर दहा मिनिटांचं काम आहे, सीआर२०३२ सेल बदला.

मोजताना एक पथ्य पाळा. विंडोज ८ पासून ‘शटडाऊन’ केल्यावर मशीन पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलला जातो. खरी सुरुवात ‘रीस्टार्ट’ केल्यावरच होते, तेव्हा वेळ रीस्टार्टची मोजा. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्सच्या नोंदींत क्रमांक १०० उघडला की सुरू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत लिहिलेला सापडतो. आयटीवाल्याला तक्रार पाठवताना ‘स्लो आहे’ याऐवजी तो आकडा, केबलसह आणि केबलविना लागलेले सेकंद, आणि वर्तुळ फिरत असताना डिस्कचा दिवा पेटलेला होता की विझलेला, एवढं लिहा.